जर्मनीला निघालेला मृदंग

मन्मथअप्पांनी घोडा विकत घेतला असं गल्लीत अजूनही म्हणतात, पण ते खरं नव्हे. घोडा त्यांच्या हातून घेतला गेला. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि ते अंतर मालेगावच्या यात्रेपासून थेट जर्मनीपर्यंत जातं.

निघाले होते ते मृदंग आणायला. लातूरच्या त्यांच्या गल्लीत महादेवाचं लहानसं देऊळ, तिथं शिवरात्रीला सात दिवस शिवकीर्तन चाले. देवळातला जुना मृदंग इतका थकला होता की थाप मारली की आधी कातड्यावरच्या वाळलेल्या कणकेचा भुगा उडे आणि मग, आठवण झाल्यासारखा, आवाज येई. यंदा शेवटच्या दिवशी देवणीकडचे स्वामीबुवा कीर्तनाला यायचे होते. त्यांच्यापुढं हा मृदंग ठेवणं म्हणजे व्याह्याला फुटक्या कपातून चहा देणं, असं मंडळाचे अध्यक्ष मलप्पाशेठ म्हणाले. वर्गणी झाली. दुष्काळाचं वर्ष, तरी लोकांनी दिलं. थैली मन्मथअप्पांच्या हवाली केली. सरकारी नोकर आणि कीर्तनात हमखास रडणारा, असा दुहेरी भरवशाचा माणूस गल्लीत दुसरा नव्हता.

अप्पांना एक खोड होती. तिला खोड म्हणणंही जिवावर येतं. कुठंही कीर्तनाचे सूर कानावर पडले की त्यांचे डोळे आपोआप मिटत आणि उजव्या हाताची बोटं हाताखाली जे असेल त्यावर ताल धरत. कचेरीत फाईल असे, घरी पाटाची कड असे. एकदा एसटीत शेजारच्या प्रवाशाचा खांदा होता. मागच्या सीटवरचे टाळकरी गात होते आणि अप्पांनी औश्यापर्यंत त्या खांद्यावर धुमाळी वाजवली. उतरताना तो भला माणूस म्हणाला की चार महिन्यांची खांदेदुखी गेली, आपण कुठं बसता?

तर थैली कमरेला बांधून अप्पा नांदेडला निघाले. सोबत शेजारचे हणमंतराव. हे भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांचे जावई शिवप्पा जर्मनीत एका कारखान्यात होते, त्यामुळं हणमंतरावांच्या बोलण्यात जर्मनी निलंग्याच्या पलीकडे लागूनच असल्यासारखी येई. त्या दिवशी जावयाचं ताजं पत्र खिशात होतं. जावयाचा घरमालक म्हणे घोड्यांचा धंदा करायचा. लिलावात कोवळा घोडा घ्यायचा, दोन-तीन वर्षं शिकवायचा आणि खेळाडूंना विकायचा. तिथं घोडे टांग्याला जुंपत नाहीत, लग्नात मिरवत नाहीत, शाळेतल्या पोरींसारखे कवायत करतात. पांढऱ्या कुंपणाच्या आत, बाजा लावून, पावलं मोजून. आणि त्या एकेका घोड्याची किंमत आपल्या गल्लीतल्या सगळ्या घरांएवढी, देवळासकट. हणमंतराव म्हणाले, वाटेत मालेगावची खंडोबाची यात्रा लागतेच आहे, आपला घोडाबाजार तरी नजरेखालून घालू.

यात्रा भरात होती. पाऊस नसल्यानं धूळ चिकार, आणि त्या धुळीत सकाळचं ऊन शिरल्यामुळं सगळा माळ भंडारा उधळल्यासारखा पिवळा झाला होता. घोड्यांच्या रांगाच रांगा. चारा नाही म्हणून यंदा विकणारे फार, घेणारे थोडे. अप्पा त्या पिवळ्या उजेडातून चालत होते आणि चालता चालता आपण चालतो आहोत हे विसरत होते. मग एका तंबूशी त्यांना तो दिसला. विटकरी रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा, बरगड्या थोड्या दिसत होत्या. बाकीचे घोडे खिंकाळत, टापा आपटत होते, हा मात्र डोळे अर्धे मिटून, खालचा ओठ सोडून, कान पलीकडच्या तंबूकडे लावून उभा होता. पलीकडच्या तंबूत कीर्तनाची जमवाजमव चालली होती.

"हा ऐकायलाय," अप्पा हळूच म्हणाले.

मालक व्यंकटी, बिलोलीकडचा, डोक्याला मोठं मुंडासं. गिऱ्हाईक जनावरापुढं इतका वेळ हात जोडून उभं राहिल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि अप्पांच्या हातावर टाकला.

आता ही रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली दोघांचे हात एकमेकांत, आणि बोटं दाबून बोली चालते. चारचौघांत चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. कबूल असेल तर पंजा घट्ट दाबायचा, नसेल तर हात बाहेर ओढायचा. हात बाहेर आला की बोलणं संपलं, कुणी कुणावर रुसायचं नाही. हणमंतराव म्हणाले, बघा तरी अप्पा, हे लोक कसं करतात ते, हात दिल्यानं काय होतंय?

हात दिल्यानं काही झालं नसतं. पण त्याच घडीला पलीकडच्या तंबूत मृदंगावर थाप पडली आणि कुणा गोड गळ्याच्या बुवांनी नमन उचललं.

अप्पांचे डोळे मिटले. टॉवेलाखाली बोटं चालू लागली. व्यंकटीनं पुढं चार गावांत सांगितलं की तीस वर्षांत असा व्यापारी पाहिला नाही. दोन बोटं देतो, लगेच एक काढतो, तीन देतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून येतो, आणि तोंडावर असा भाव की जणू डोळ्यांपुढं कैलास. मी घामाघूम झालो, व्यंकटी म्हणे, आणि हा मान डोलवतोय. शेवटी बुवा समेवर आले आणि अप्पांनी, जन्मभराच्या सवयीप्रमाणे, समेला अख्खा पंजा दाबला.

व्यंकटीनं टॉवेल उडवला आणि घोड्याच्या कपाळाला भंडारा फासला. बाजार मलय्याचा, म्हणजे खंडोबाचा, देवाच्या दारातला. भंडारा लागल्यावर शब्द फिरवला असं त्या माळावर कुणी ऐकलेलं नव्हतं. अप्पांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या हातात कासरा होता.

"मला मृदंग घ्यायचाय," ते म्हणाले.

"घ्या की," व्यंकटी म्हणाला, "घोड्यावर बसून जावा आणि घ्या."

ठरलेला आकडा थैलीत होता त्याहून साडेअकरा रुपयांनी कमी निघाला. देवाची योजना अशी नेमकी असते, असं हणमंतराव म्हणाले, आणि त्या साडेअकरांतून त्यांनी दोन चहा मागवले.

लातूरपर्यंत घोडा रिकाम्या ट्रकातून आला. अप्पा त्याच्याशेजारी उभे होते. अहमदपूरच्या अलीकडे संध्याकाळ झाली, ओसाड रानावर गुलाबी रंग पसरला, ट्रकाच्या हेलकाव्यानं घोड्याचं डोकं अप्पांच्या खांद्यावर टेकलं, आणि अप्पांच्या मनात एक विलक्षण शांतता उतरली. आपण मंडळाच्या पैशानं घोडा आणला आहे ही गोष्ट त्या शांततेच्या पार पलीकडे, कुठंतरी परगावी घडल्यासारखी वाटत होती.

ती घरी पोचल्यावर घडली. शिवकांताबाई दारात आल्या. त्यांनी घोड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, कमरेच्या रिकाम्या थैलीकडे पाहिलं.

"मिरदंग म्हणत व्हतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याला पाय कवापासून फुटले?"

अप्पा घोड्याच्या पाठीवरची धूळ झटकू लागले. हणमंतराव बोलले. त्यांनी दारातच जर्मनीचा नकाशा हवेत काढला, घरमालक ब्रेनरसाहेबांचा मळा कुठं आहे ते दाखवलं आणि सांगितलं की शिवरात्रीच्या आधी हा घोडा तिकडं विकला जाईल, आणि, हे मात्र आवाज उतरवून, मृदंगच काय, देवळाला कळस येईल. जावई त्या साहेबांना घेऊन राजस्थान फिरायला येणारच आहे, वाकडी वाट करून लातूरला आणू. गल्ली जमलीच होती, पण घोडा कुणाच्या पैशाचा हे कुणी विचारलं नाही. त्या संध्याकाळपासून घोड्याचं नाव पडलं जर्मन.

मलप्पाशेठनी विचारलं, मृदंगाचं काय झालं? अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "वाटेत आहे." शब्द एकदा निघाला तो निघाला. पुढं रोज सकाळी मलप्पाशेठ दुकान उघडता उघडता विचारत, कुठवर आला? आणि अप्पा मान खाली घालून म्हणत, येतोय. असं खोटं ते जन्मात बोलले नव्हते. गळ्यातल्या लिंगाला हात लावायचीही त्यांना चोरी झाली.

आता गल्लीचे सल्ले. एकानं मानेवरचा भोवरा बघून सांगितलं की हा भोवरा राजयोगाचा. दुसऱ्यानं तोच बघून सांगितलं की हा भोवरा मालकाच्या मुळावर. तिसरा म्हणाला, थंड देशात जायचंय तर आतापासून सवय पाहिजे, रोज ओलं पोतं टाका. अंगावर टाकायला पाणी कुठलं? गल्लीत टँकर आठवड्यातून दोनदा, माणशी तीन घागरी. शिवकांताबाईंनी रांगेत उभं राहून सांगितलं, "आमच्यात तीन माणसं." टँकरवाला म्हणाला की मागल्या खेपेला तर दोन होती. त्यावर त्या म्हणाल्या की पाहुणे आलेत, जर्मनीला जायचे आहेत. वैरण-पाण्याच्या बाबतीत त्या नवऱ्याशी अवाक्षर बोलत नव्हत्या. पण जर्मनच्या बादलीत भाकरीचा तुकडा असे, आणि तो अप्पांच्या ताटातून कमी झालेला असे.

चाऱ्याचा प्रश्न वेगळा. अप्पा जिल्हा कचेरीत टंचाई शाखेचे कारकून. जिल्हा नवा. होऊन तीन वर्षं झाली होती, तरी निम्मी दप्तरं उस्मानाबादेत होती. काही कपाटं आली होती, त्यांच्या किल्ल्या यायच्या होत्या. चारा छावणीत कोणती जनावरं घ्यायची याची टिप्पणी अप्पांनीच स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली होती: गाय, बैल, म्हैस व त्यांची वासरे. दिवाळीत औश्याच्या इमामसाब टांगेवाल्यानं घोड्यासाठी अर्ज केला होता, तेव्हा अप्पांनी लाल शाईनं शेरा मारला होता की घोडा हे जनावर या व्याख्येत बसत नाही. आता त्यांनी स्वतः अर्ज लिहिला. तो आवक-जावकातून फिरून, चार सह्या घेऊन, पाचव्या दिवशी त्यांच्याच टेबलावर आला. अप्पांनी तो दोन वेळा वाचला. अर्जदाराची अडचण त्यांना मनापासून पटली. मग त्यांनी लाल शाईची दौत उघडली आणि लिहिलं, "नियमात बसत नाही. अर्जदारास तसे कळवावे." आणि दुपारी साडेतीनला त्यांनी स्वतःला तसं कळवलं.

त्याच रविवारी ते औश्याला गेले आणि किल्ल्याजवळच्या टांगा अड्ड्यावर इमामसाबला गाठून माफी मागितली. म्हातारा हसला. "हुकूम तुमचाच हाय साहेब," तो म्हणाला, "आता दोघं मिळून मोडू." आणि त्यानं आपल्या गंजीतल्या कडब्याच्या वीस पेंढ्या अप्पांच्या एसटीच्या टपावर चढवल्या. खुराला तेल कसं लावायचं, घोटभर पाण्यात तहान कशी भागवायची, हेही त्यानंच शिकवलं.

जर्मनीच्या साहेबाला दाखवायचा तर प्रकृतीचा दाखला हवा, असं हणमंतरावांनी काढलं. जनावरांच्या दवाखान्यात छापील फॉर्म एकच, म्हशीचा. दूध किती देते, या रकान्यापुढं डॉक्टरांनी "निरंक" लिहिलं. गोल शिक्का मात्र उस्मानाबादेला. उस्मानाबादेत म्हणाले, आता तुमचा जिल्हा वेगळा. लातुरात म्हणाले, खरेदी नांदेड जिल्ह्यातली. नांदेडला म्हणाले, जनावर राहतं लातुरात. अप्पा तीन जिल्ह्यांच्या एसटींतून हिंडले आणि अखेर त्या दाखल्यावर एका दयाळू पोस्टमास्तरनं टपालाचा शिक्का मारून दिला. तारीख तर कळंल, तो म्हणाला.

या सगळ्यात अप्पा दुःखी होते का? होते, पण सलग नव्हते. संध्याकाळी कचेरीतून आले की ते परसात शहाबादी फरशीवर बसत आणि गुणगुणत टाळी धरत. तिसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पलीकडून उत्तर येतंय. जर्मन पुढचा उजवा पाय उचलून फरशीवर ठेवत होता. टक. टक टक. अप्पांनी लय वाढवली, त्यानं वाढवली. अप्पांनी घाई केली, ती त्यांची जुनीच खोड, तेव्हा जर्मन थांबला आणि मान वळवून त्यांच्याकडे पाहू लागला. पन्नाशी गाठलेल्या टाळकऱ्याला घोड्यानं लय चुकली म्हणून थांबवावं, हा अपमान साधा नव्हे. अप्पांनी एक दिवस अबोला धरला. दुसऱ्या दिवशी ते सावकाश गायले.

मग त्यांना दुपारी, कचेरीतसुद्धा, फायलीवर हात ठेवून डोळे मिटले की ते दिसायचं: बर्फानं पांढरं झालेलं मोठं मैदान, पांढरं कुंपण, भोवती उंच टोप्यांची माणसं लिलावाच्या बोलीसाठी बोटं वर करून बसलेली, आणि मधोमध जर्मन, अंगावर गल्लीतली वाकळ, कुणाच्याही बाजाकडे लक्ष न देता कान मागं करून उभा. तो कान लातूरकडे लावून उभा आहे हे अप्पांना स्वप्नातही कळे. बोटं वर जात. बर्फ पडत राही. आणि अप्पा दचकून जागे होत, कारण मैदानात कुणीच गात नसे.

शिवरात्र आली, कीर्तनाचा शेवटचा दिवस. त्या दुपारीच जावई शिवप्पा आणि ब्रेनरसाहेब गाडीतून उतरले. साहेब उंच, उन्हानं लाल झालेले, फार अदबशीर. देवळासमोरच्या चौकात गल्ली लोटली. साहेबांनी विचारायला सुरुवात केली आणि शिवप्पा मराठीत सांगू लागले. घोड्याचा बाप कोण? आजोबा कोण? आईकडचं घराणं कसं? अंगावर घराण्याची मुद्रा आहे का? मग त्यांनी दात पाहिले, गुडघे चाचपले, एक पाय दुमडून मिनिटभर धरला आणि सोडून म्हणाले, आता चालवून दाखवा, लंगडतो का बघू.

बायकांच्या घोळक्यातून शिवकांताबाई म्हणाल्या, "मला बघाय आले व्हते तवाबी असंच केलते. फकस्त पाय दुमडला नव्हता."

जर्मन चालला नाही. पळाला तर मुळीच नाही. हलगी वाजवून पाहिली, गूळ दाखवला, हणमंतरावांनी स्वतः पुढं पळून दाखवलं. घोडा खालचा ओठ सोडून हणमंतरावांकडे पाहत राहिला. साहेब नम्रपणे म्हणाले की जनावर प्रेमळ आहे, पण खेळाचं नाही. त्यांच्याकडं असे घोडे लहान मुलांना गोंजारायला देतात.  दाखला दाखवायचं राहूनच गेलं. अप्पांनी घोड्याला देवळाच्या दाराशी, फरशीवर, कडीला बांधलं. जर्मनी बुडाली होती आणि समोरून मलप्पाशेठ येत होते.

"अप्पा, स्वामीबुवा उतरले. मृदंग?"

अप्पांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून शंख वाजला आणि मलप्पाशेठ धावत गेले.

कीर्तन जुन्या मृदंगावर सुरू झालं. दिवस मावळायचा होता, सभामंडपात उतरतं केशरी ऊन, दाराबाहेर साहेब पादत्राणं काढून कौतुकानं उभे. स्वामीबुवांचा आवाज काय सांगावा. कोरड्या विहिरीला पाझर फुटावा तसा तो खालून, सावकाश, वर येत होता. पार्वतीची तपश्चर्या लावली होती. झाडाचं पान खाणंही सोडलं, वारा खाऊन राहिली, इथपर्यंत आलं, दुष्काळातले सगळे श्रोते त्या उपवासाशी एकजीव झाले, आणि बुवांनी चाल चढवली. मृदंगावर जोराची थाप पडली. फट्ट. कातडं मधोमध फाटलं.

 स्वामीबुवा हसून म्हणाले, "ह्यानंबी देह ठेवला. पन मलप्पाशेठ, नवा मिरदंग आलाय म्हनं तुमचा?"

मलप्पाशेठनी अप्पांकडे पाहिलं. मग मंडपानं पाहिलं. अप्पा उभे राहिले. वर्गणी देणारा एकेक चेहरा त्यांना ओळखू येत होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. कीर्तन नसताना ते रडल्याचं गल्लीनं पहिल्यांदा पाहिलं.

"आलाय की," बायकांच्या बाजूनं शिवकांताबाई म्हणाल्या. "भायेर बांधलाय. त्येंच्या हातून झालं, आता झालं. बुवा, तुमी म्हणा तर खरं."

कुणाला काही उमगलं नाही. पण स्वामीबुवा उभ्या आयुष्यात श्रोत्यांचं ऐकत आलेले. त्यांनी तुटलेला चरण तसाच उचलला, नुसता, मृदंगाशिवाय. एक आवर्तन गेलं. आणि दाराबाहेरून आलं: टक. टक टक. टक. टक टक.

बुवांनी भुवई वर केली. लय थोडी ओढली. बाहेरची टाप थांबून राहिली आणि बरोबर जागेवर पडली. लय वाढवली, टाप वाढली. मग जर्मननं दुसराही पाय उचलला. मान कमानीसारखी वाकवली आणि जागच्या जागी, एक पाऊलही पुढं न सरकता, चारी पाय आळीपाळीनं, उंच, सावकाश, जणू फरशीला दुखू नये अशा बेतानं उचलू लागला. टाळकरी सावरले. झांजा मिसळल्या. सबंध मंडप त्या चार खुरांवर चालू लागला.

बाहेर ब्रेनरसाहेबांनी शिवप्पांचा दंड धरला होता. शिवप्पा घाईघाईनं अप्पांना बाहेर घेऊन आले. साहेब म्हणतात, हे जागच्या जागी चालणं शिकवायला त्यांच्याकडं पाच-सहा वर्षं लागतात. शंभरात एखाद्या घोड्याला येतं. बाप-आजा कुणीही असो. कागद लागतील, वर्ष लागेल, तपासणीसाठी आधी दुसऱ्या देशात ठेवून मग न्यावा लागेल, पण पैसे ते आज देतात. आणि हणमंतरावांनी, बाजार बघून शहाणे झालेल्या माणसाच्या तोऱ्यात, खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला आणि साहेबांना जावयामार्फत रीत सांगितली. दाबला पंजा तर कबूल, ओढला हात तर संपलं.

साहेबांचा हात मोठा, लगामानं घट्टे पडलेला. त्यांनी पाची बोटं दाबली. मग शिवप्पांनी त्या पाच बोटांचा अर्थ अप्पांच्या कानात सांगितला. दहा मृदंग येतील. कळस येईल. उद्या सकाळी मलप्पाशेठनी काही विचारण्याआधी आपण त्यांच्या दुकानाच्या पायरीवर थैली ठेवू. फक्त एकदा पंजा दाबायचा.

अप्पांना ते पांढरं मैदान दिसलं. वर गेलेली बोटं दिसली. आत बुवा पार्वतीला शिवाच्या दारापर्यंत घेऊन आले होते, शेवटचं आवर्तन चाललं होतं, सगळा मंडप श्वास धरून समेची वाट बघत होता. अप्पांचे डोळे मिटले. बोटं साहेबांच्या तळव्यावर चालू लागली. साहेब चपापले, मग त्यांचाही चेहरा सैलावला, कारण त्या तळव्यावर वाजत होतं तेच समोर चार खुरांवर चाललं होतं.

सम आली. जर्मननं चारी पाय टेकले. आणि समेला मंडपातल्या प्रत्येकानं जे केलं तेच अप्पांनी केलं: दोन्ही हात मोकळे करून, डोक्यावर नेऊन, टाळी दिली.

टॉवेल खाली पडला.

हणमंतरावांनी कपाळावर हात मारला. हात बाहेर आला, बोलणं संपलं. अप्पांनी हे खोडीनं केलं की समजून केलं, यावर गल्लीत आजही दोन पक्ष आहेत. अप्पांना विचारलं तर ते म्हणतात, सम होती हो. साहेबांनी मात्र वाद घातला नाही. टॉवेल उचलून झटकला, हणमंतरावांच्या खांद्यावर घातला आणि पुढचं कीर्तन बसून, घोड्याशेजारी, ऐकलं.

आरतीनंतर मंडळाची बैठक तिथंच भरली. मलप्पाशेठ बराच वेळ घोड्याकडे बघत होते. पैसा मंडळाचा, तेव्हा घोडा मंडळाचा, असं ठरलं. विकायचा का, तर स्वामीबुवा म्हणाले, फुटलेला मृदंग मढवून घ्या, त्यो नेहमीसाठी. पन पुढल्या शिवरात्रीला मी येनार त्यो ह्याच्यासाठी. वैरण-पाणी कुणी बघायचं, यावर सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. शिवकांताबाई तोवर बादली घेऊन आल्याच होत्या.

मंडळाच्या सामानाची वही अप्पांकडंच असे. त्याच बैठकीत त्यांनी ती उघडली आणि झांजा, समया, सतरंज्या यांच्याखाली आपल्या वळणदार अक्षरात नवी नोंद केली: "मृदंग, एक नग, विटकरी रंगाचा. फरशीवर वाजतो. लय चुकल्यास थांबतो." मग थोडा विचार करून, नियमात बसावं म्हणून, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "दर टँकरला तीन घागरी पाणी लागते."